सागवनातली कोठी आणि माझा आमचूर

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता मी धडगावच्या डोंगरातल्या एका पडक्या कोठीच्या दिवाणखान्यात साधारण चार फूट लांब आणि चार फूट रुंद जागा झाडूने मोकळी केली. त्या जागेवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या. फोडी माझ्या नव्हत्या. झाडूही माझा नव्हता. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी त्याच जागेवर दुसऱ्या एका बाईच्या फोडी होत्या आणि अकराच्या आत दोन पाड्यांतली मिळून वीस-बावीस माणसे कोठीच्या ओट्यासमोर जमली होती.

हे कसे घडले ते क्रमाने लिहितो. पाड्यांची नावे लिहीत नाही. तशी अट होती आणि मी ती मान्य केली होती.

सोमवार : घाट

कोठीची माहिती मला खापरच्या बाजारात मिळाली. तिथे भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले की, धडगावच्या पलीकडे सागाच्या जंगलात एक जुनी इस्टेट लपलेली आहे. कोठी, आमराई, विहीर, सगळे. काही लोकांच्या मते ती लाकडाच्या एका ठेकेदाराची, काहींच्या मते एका लहानशा संस्थानिकाची शिकारीची जागा. "दिवाणखान्यात मधोमध फरशीवर मालकाचं नाव आहे. जा, वाचा आणि छापा. वाद मिटेल," ते म्हणाले. तुम्ही स्वतः पाहिलेत का, असे विचारल्यावर म्हणाले, "मी कशाला जाऊ? मला माहीतच आहे."

मी नंदुरबारला राहतो. बावीस वर्षे वृत्तपत्रात काम केले आहे. ऐकीव नाव छापायचे नाही, जाऊन वाचायचे, एवढे तिथे शिकलो. म्हणून निघालो.

चांदसैली घाटाबद्दल लिहिण्यासारखे एवढेच, की जीपमध्ये आम्ही अकरा जण होतो. पैकी दोघे टपावर होते आणि तेच सर्वांत आरामात दिसत होते. चालक भटू हा शहाद्याकडचा. त्याने विचारले, "भाऊ, कसाले जाई ऱ्हायनात धडगावले?" मी 'कामानिमित्त' असे उत्तर दिले. त्याला खरे सांगितले असते तर माझा एक दिवस वाचला असता.

मंगळवार : पहिली कोठी

धडगावच्या चहाच्या टपरीवर तेरसिंगशी ओळख झाली. वय चाळिशीचे, शेती करतो, जंगलात मोजणीला कोणी आले तर वाट दाखवतो. मी कोठीचे विचारले. त्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाला, "जुनी कोठी पाहिजे? दाखवतो."

दोन तास चाललो. मे महिन्यात सागाला पान नसते. सगळी पाने खाली पडलेली असतात आणि पाय पडला की पापडासारखी मोडतात. सावली नाही, आवाज मात्र भरपूर. आपण येत आहोत हे जंगलाला अर्धा मैल आधी कळते.

एका उतारावर तेरसिंग थांबला. समोर कमरेइतक्या भिंतींचा एक लांबट हौद होता. काठ गुळगुळीत झिजलेला. "राजाची आंघोळीची जागा," तो म्हणाला. मी मोजमाप घेतले. हौद लांबीला वीस फूट आणि आतून खोलीला जेमतेम दीड फूट होता. राजा बसून आंघोळ करत असावा, अशी नोंद मी वहीत केली.

पन्नास पावलांवर एका रांगेत सहा अरुंद खण होते. छप्पर उडालेले, दारे नव्हती. "घोड्यांचे तबेले," तेरसिंग म्हणाला.

"एवढे लहान?"

"डोंगरातले घोडे लहानच असतात साहेब."

"यात घोडा वळणार कसा?"

"वळवायचे नाहीत. उलटे बाहेर काढायचे."

हेही लिहून घेतले. तिसऱ्या खणात जमिनीत बसवलेले पांढरे भांडे फुटक्या अवस्थेत दिसले. मग मी हौदाकडे परत गेलो आणि मागच्या बाजूची भिंत नीट पाहिली. निळ्या रंगात 'लाभार्थी' हा शब्द शाबूत होता. त्याच्या आधीचे आणि नंतरचे पोपडे निघाले होते.

मी तेरसिंगला बोलावून तो शब्द दाखवला. त्याने तो वाचला.

"तुम्ही जुनं पाहिजे म्हणालात," तो म्हणाला. "हे जुनंच आहे. माझ्या लग्नाच्या आधीचं."

संध्याकाळी टपरीवर भटू भेटला. त्याला मी दिवसभराचा वृत्तांत सांगितला. त्याने हातातला चहा आधी खाली ठेवला, मग हसला.

"भाऊ, ती ढोरेस्ले पानी पाजानी टाकी शे. येडा बनाई टाकं तुम्हले. कोठी त्या दुसऱ्या आंगे शे, नदीना पलीकडे."

"मग तिकडे का नाही नेलं?"

"आते कोन नेई तुम्हले? आंबा चालू शे ना."

कोठीचा आणि आंब्याचा काय संबंध, हे भटूने सांगितले नाही. तेरसिंग बाजूच्याच बाकावर बसला होता. तो म्हणाला, "बायांना विचारावं लागेल." म्हणजे कोठी होती. एका दिवसाच्या चालण्यातून हाती आलेली ही पहिली खात्रीची बाब.

बुधवार : दुसरी कोठी

सकाळी सहाला निघालो. नदीत पाणी नव्हते, गोटे होते. पलीकडच्या पाड्यात बायांनी आमची उभ्या उभ्या चौकशी केली. चौकशी पावरी बोलीत झाली आणि दहा मिनिटे चालली. तेरसिंगने मला तिचा सारांश सांगितला : पाड्याचे नाव छापायचे नाही, चपला बाहेर काढायच्या, फोडींवर पाय द्यायचा नाही, आत पाण्याची बाटली उघडायची नाही.

"एवढंच बोलल्या?" मी विचारले.

"बाकीचं तुमच्याबद्दल होतं."

नाव छापायचे नाही याचे कारण त्यांनीच दिले. नाव छापले की लोक बघायला येतील, लोक आले की तारेचे कुंपण येईल, कुंपण आले की आंबा कुठे वाळवायचा.

आता ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी. सागाच्या दाट रानात अचानक दगडी खांबांची जोडी उभी दिसते. फाटक नाही. खांबांपासून दोन्ही बाजूंनी आंब्याची जुनी झाडे सुरू होतात, एका ओळीत लावलेली, म्हणजे ती लावली तेव्हा कोणी तरी दोरी धरली होती. विहिरीतून पिंपळ वर आला आहे. कोठीच्या भिंती खांद्यापर्यंत उरल्या आहेत. वासे, तुळया, दारे, कवाडे गेली. कुठे गेली हे लपलेले नाही : पाड्यातल्या एका गोठ्याला मी लाल-हिरव्या काचांची खिडकी पाहिली. खिडकीतून एक बैल बाहेर पाहत होता.

फरशी मात्र जशीच्या तशी आहे. तांबड्या, काळ्या आणि पिवळट रंगांच्या घोटीव फरशा, वरवर पाहता एकही उखडलेली नाही, सांध्यांत गवताची काडी नाही. छप्पर नसल्यामुळे दिवसभर ऊन, भिंती असल्यामुळे धूळ नाही. कोठी ज्याने बांधली त्याच्या मनात काय होते ते माहीत नाही. पण आमचूर वाळवायला याहून चांगली वास्तू तालुक्यात नसावी.

आमच्याकडे नंदुरबारला उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि पापड घालतात. जुनी साडी अंथरायची, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि कावळ्यांसाठी एक म्हातारे माणूस. इथे प्रमाण वेगळे आहे. डोंगरातल्या घरांचा उन्हाळा कैरीवर चालतो. झाडावरून कैरी उतरवायची, सोलायची, पातळ फोडी करायच्या, तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायच्या. फोड पांढरी राहिली तर ती आमचूर. खडकावर धुळीत वाळवली किंवा पावसाचा शिंतोडा बसला तर ती काळी पडते आणि मग तिला कोणी हात लावत नाही.

म्हणून कोठीच्या खोल्या वाटलेल्या आहेत. न्हाणीघर एकीचे, मुदपाकखाना दुसरीचा, निजायच्या दोन खोल्या दोन जावांच्या. ओटा रायलीबाईचा. सर्वांत मोठा आणि सर्वांत उन्हाचा दिवाणखाना जामीबाईचा.

जामीबाई पस्तिशीची, कमी बोलणारी. नवरा गुजरातमध्ये कामाला. घरात ती आणि सासू. तिची आंब्याची झाडे वरच्या उतारावर आहेत, तिथे कैरी उशिरा धरते. बाकीच्यांचा अर्धा माल वाळून झाला होता, तेव्हा तिचा बहुतेक झाडावरच होता. रायलीबाई तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली, त्यामुळे मराठीत पटाईत. तिने मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितले की, ओट्यावर दुपारनंतर सावली येते, शेळ्या येतात, आणि दिवाणखान्यात या दोन्ही गोष्टी येत नाहीत.

मी दिवाणखान्याच्या उंबऱ्यात उभा राहिलो. भिंतीलगतची एक पायवाट सोडली तर सगळी फरशी फोडींनी भरलेली होती. खालच्या नक्षीच्या रेषा मध्याकडे जात होत्या. नाव असलेच तर तिथे असणार होते. जामीबाई कैऱ्या आणायला वर गेली होती. तेरसिंग विहिरीपाशी तंबाखू मळत होता. मी मध्यापर्यंत पोचेल अशी एक बारीक वाट झाडूने पाडली, मधली जागा मोकळी केली, लोटलेल्या फोडी कडेच्या फोडींवर नीट सारल्या, घाम पुसायचा टॉवेल जमिनीवर टाकून त्यावर गुडघे टेकले आणि वाचायला वाकलो.

फरशीवर आठ पाकळ्यांची चांदणी आहे. चांदणीच्या मध्यभागाची फरशी नाही. तिच्या जागी एक साधी चौकोनी सिमेंटची लादी बसवलेली आहे. ती जामीबाईच्या सासूने बसवली, असे नंतर समजले. मूळ फरशीवर काय होते हे सासूला आठवत नाही. "काहीतरी खरखरीत होतं, आंबा चिकटायचा," असे तिने तेरसिंगमार्फत सांगितले. कोठी कोणाची होती, हा वाद त्यामुळे होता तिथेच आहे.

मी एक छायाचित्र घेतले. दुसरे उंचावरून घ्यावे म्हणून पडक्या भिंतीवर चढायला गेलो. वळून पाहिले तेव्हा रायलीबाई मोकळ्या जागेत टोपली रिकामी करत होती. माझा टॉवेल खाली गेला होता.

"अहो बाई, ती जागा जामीबाईंची आहे," मी म्हणालो.

"होती," रायलीबाई म्हणाली.

बुधवार : ओट्यावरची बैठक

नियम मला तेव्हा सांगण्यात आला. ज्याचा माल, त्याची जागा. जागा रिकामी झाली की जो पहिला माल टाकेल, ती त्याची. म्हणून वाळलेला आंबा उचलताना बायका एक ओळ नेहमी मागे ठेवतात. नवा आला की ती उचलतात. आतापर्यंत कोणी दुसऱ्याची फरशी झाडून दिलेली नव्हती. तसे कोणी करील असे कोणाच्या मनातही आले नव्हते, त्यामुळे माझ्या अटींत ते घातलेले नव्हते.

रायलीबाई मधोमध शिरली होती, आणि एकदा खोलीत शिरलेल्या बाईला लागून रिकामी होणारी जागा घेता येते. जामीबाईचा कडेचा आंबा जसजसा वाळून उठेल, तसतशी ती पसरणार. आठवड्यात दिवाणखाना तिचा. जामीबाईच्या झाडावरच्या कैरीला मग नदीतला खडक. शिवाय हंगामाची शेवटची फोड ज्या हाताने उचलली जाते, पुढच्या वर्षी ती खोली त्या हाताची, असाही नियम निघाला. म्हणजे माझ्या झाडूने एक नाही, दोन उन्हाळे झाडले होते.

जामीबाई टोपली डोक्यावर घेऊन आली, उंबऱ्यातून तिने आत पाहिले, टोपली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही. ते सर्वांत अवघड होते.

वेस्ता कारभारी यांना बोलावण्यात आले. दोन्ही पाड्यांतली भांडणे तेच ऐकतात. वय सत्तरीपुढचे, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हातात काठी. ते ओट्याच्या कठड्यावर बसले आणि माझ्यापासून सुरुवात केली. मराठीत.

"जागा कोणी रिकामी केली?"

"मी."

"कशाला?"

"नाव वाचायला."

"वाचलं?"

"नाव नाही तिथे."

"मग रिकामी कशाला केली?"



जामीबाई म्हणाली, "तो पाहुणा आहे. पाहुण्याने केलेलं धरायचं नाही."

"पाहुण्याने तुझी कोंबडी मारली असती तर धरलं असतंस," रायलीबाई म्हणाली. "मी टोपली घेऊन उभी होते. जागा रिकामी दिसली. आता मी काय जागेला विचारू, बाई, तू खरंच रिकामी आहेस का?"

लोक हसले. वेस्ता कारभारी हसले नाहीत.

मी माझ्याकडे एक छायाचित्र आहे, असे सांगितले. वृत्तपत्रातली सवय, चूक झाली की आधी पुरावा शोधायचा. कॅमेऱ्यात दहा वाजून सतरा मिनिटांची वेळ होती. कारभाऱ्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

"ही फरशी. हे काय?"

"टॉवेल."

"कोणाचा?"

"माझा."

"तेव्हा रायलीचा आंबा कुठे होता?"

"टोपलीत," जामीबाई म्हणाली.

रायलीबाईच्या लक्षात आले. "टॉवेल काय वाळत घातला होता का? तो गुडघ्याखाली होता."

कारभाऱ्यांनी मला विचारले, "ओला होता की कोरडा?"

"घामाने ओला होता."

"मग वाळत होता," ते म्हणाले. रायलीबाई बोलायला लागली तशी त्यांनी काठी उचलली. "शहाद्याच्या स्टँडवर हे लोक एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात. कोरडा रुमाल. तरी जागा मिळते. मी उभा राहून आलोय. हा तर ओला टॉवेल आहे."

निर्णय असा झाला. रायलीबाईने आपला आंबा उचलावा. जागा जामीबाईला परत मिळणार नाही, कारण तिच्या हातून ती सुटली. जागा पेपरवाल्याची. मात्र टॉवेलवर जागा उन्हे उतरेपर्यंतच टिकते. तोवर पेपरवाल्याने तिथे आंबा घालावा. नाही घातला तर जागा मोकळी.

"माझ्याकडे झाड नाही," मी म्हणालो.

"ते तुमचं तुम्ही बघा," कारभारी म्हणाले आणि भाकरीचे विचारले.

जेवायला मक्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि ओल्या कैरीची मिरची घालून वाटलेली चटणी होती. चटणी रायलीबाईने दिली. निकाल विरुद्ध गेल्याचा राग चटणीत होता असे मी म्हणणार नाही. मी फक्त इतकेच नोंदवतो की, इतरांना दिलेली चटणी वेगळ्या वाटीतली होती.

दोघींनीही मला कैऱ्या देऊ केल्या. रायलीबाईने आधी, मोठी टोपली पुढे सरकवून. मी जामीबाईच्या घेतल्या. नुकसान तिचे झाले होते. तिने दोन टोपल्या दिल्या, बसायला पोते दिले आणि एक चाकू दिला. मग सहा बायकांच्या गोलात बसून मी दुपारी दोन ते साडेपाच कैऱ्या कापल्या.

चाकू कैरीत जात नव्हता. जोर लावला की एकदम जात होता. माझी एकेक फोड बोटाएवढी जाड निघत होती. शेजारच्या बाईच्या फोडीतून पलीकडचे दिसत होते.

"ही फोड आहे की पाटाचा पाय?" एक जण म्हणाली.

"पेपरात मोठं मोठं लिहायची सवय असेल," दुसरी म्हणाली. हे तेरसिंगने भाषांतर न विचारता सांगितले.

रायलीबाईने माझ्या हातातला चाकू पाहिला. "जामी, तुझ्या घरात एवढाच चाकू आहे का?"

"पाहुण्याचा हात कापला तर?" जामीबाई म्हणाली. खाली मान घालून, कापता कापता.

पावणेसहाला मी चांदणीवर माझ्या फोडी मांडल्या. टॉवेल उचलला. कारभाऱ्यांनी उंबऱ्यातून पाहिले आणि मान हलवली.

गुरुवार : न वाळणारा आंबा

तेरसिंगच्या घरी मुक्काम होता. गुरुवारी दिवसभर मी इस्टेट पाहिली. आमराईत अठ्ठावीस झाडे उरली आहेत. विहिरीच्या काठावर दगडी पन्हळ आहे, ती फुटलेली नाही. मागे एक चौथरा आहे, त्याला तेरसिंग काहीच म्हणाला नाही. हा कशाचा, असे मी विचारल्यावर म्हणाला, "तुम्ही सांगा. मी सांगितलेलं तुम्ही खोडता."

दुपारी मी दिवाणखान्यात गेलो. आदल्या दिवशी त्याच वेळी घातलेल्या जामीबाईच्या फोडी कडेने वळायला लागल्या होत्या. माझ्या फोडी बटाट्याच्या भाजीसारख्या दिसत होत्या. दाबल्यावर रस येत होता. रायलीबाई ओट्यावरून पाहत होती.

"या कधी वाळायच्या?" तिने विचारले.

"तीन दिवस म्हणतात."

"तीन दिवसांत पातळ फोड वाळते दादा. ही पाऊस आला तरी ओलीच."

एक रात्र फरशीवर राहिलेला ओला माल मालकानेही उचलायचा नाही, असा इथला कडक नियम आहे. ओली फोड टोपलीत गेली तर शेजारचा आंबाही नासतो. म्हणजे माझ्या फोडी वाळेपर्यंत मधली जागा माझी. मधली जागा माझी तोवर रायलीबाईला दिवाणखान्यात पाय नाही. आणि भोवतालची फरशी जामीबाईची, तिच्या ओळी तिने सोडलेल्या नाहीत.

संध्याकाळी परतताना मी तेरसिंगला सहज म्हणालो, चाकूला धार असती तर माझे काम बरे झाले असते.

"धार होती," तेरसिंग म्हणाला. "जामीबाईने दुपारी जेवणं चालू असताना दगडावर घासून घालवली. मी बघत होतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

शुक्रवार : परत

शुक्रवारी मला निघायचे होते. मालक नसताना माल उचलणार कोण, हे जाण्याआधी चारचौघांत सांगावे लागते. कारभारी आले. बायका आल्या.

"मी उचलीन की," रायलीबाई म्हणाली. "माझा ओटा तर लागूनच आहे. तिला वरून यावं लागतं."

"तुम्ही वाळायच्या आधी उचलाल," मी म्हणालो.

"तुम्ही तर दुसऱ्याचा माल झाडून टाकता. मी निदान उचलीन तरी."

मी कारभाऱ्यांना सांगितले, आंबा जामीबाईच्या झाडाचा आहे, तो जामीबाई उचलील. कारभाऱ्यांनी विचारले, "शेवटचीसुद्धा?" मी म्हणालो, शेवटचीसुद्धा. त्यांनी रायलीबाईकडे पाहिले. तिने पदर खोचला, म्हणाली, "ओट्यावरच्या शेळ्या तरी कोणी हाकला," आणि ओट्याकडे गेली. जाताना तिने मला वाटेसाठी दोन भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली. ही चटणी सर्वांना दिलेल्या वाटीतली होती.

जामीबाई खांबांपर्यंत आली. तिने पावरीत एक वाक्य म्हटले.

"काय म्हणाली?" मी तेरसिंगला विचारले.

"फोडी उलटायला ती रोज येईल म्हणाली."

"एवढंच?"

"आणि पुढच्या खेपेला झाडूला हात लावू नका म्हणाली."

घाट उतरताना भटूची जीप मिळाली. त्याने विचारले, "नाव सापडनं का भाऊ?" मी नाही म्हणालो. "मंग तीन दिन काय करी ऱ्हायन्तात तठे?" आंबे कापले, असे मी सांगितले. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि खात्री पटल्यावर पुढचे काही विचारले नाही.

त्यानंतरची माहिती तेरसिंगकडून फोनवर मिळाली आणि ती मी भटूकडून पडताळून घेतली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तोरणमाळच्या बाजूने ढग दिसू लागले. शुक्रवारपर्यंत ओटा, न्हाणीघर आणि निजायच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. जामीबाईच्या वरच्या झाडांवरची शेवटची कैरी तोवर कापून दिवाणखान्यात वाळली होती. शनिवारी दुपारी तिने आपला माल भरला. तो पांढरा होता. त्यानंतर तिने चांदणीवरच्या माझ्या फोडी उचलल्या. त्या वाळल्या होत्या आणि काळ्या पडल्या होत्या. उचलताना वेस्ता कारभारी आणि रायलीबाई दोघेही हजर होते. शेवटची फोड जामीबाईच्या हाताने पावणेचारला उचलली गेली. पाऊस रविवारी सकाळी आला.